‘विड्या वळता ना, मग कंबर दुखणारच’ : आईच्या दुखण्याचं निदान होईना (सोलापूर)

पूर्वभाग (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. आईच्या दुखण्याबद्दल लिहायचं आहे. जरा लांबेल, पण सगळं एका जागी मांडल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

आई लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हापासून विड्या वळते. मांडीवर सूप, मान खाली, पाठ वाकलेली, पहाटेपासून. आमच्या पूर्व भागात घरटी हेच काम. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवात ती नेहमी शेवटपर्यंत चालते, यंदा अर्ध्या वाटेतून घरी आली. पाठीच्या मधोमध, ब्लाउजच्या पट्टीच्या जरा खाली दुखतंय म्हणाली. तिथून हे सुरू झालं. आता संक्रांत झाली, गड्ड्याची यात्रा उठत आली, अक्षता सोहळ्यालासुद्धा ती घरात पडून होती.

घराजवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि गोळ्यांची पुडी. पुडीवर नाव नाही. दोन दिवस बरं, परत तेच. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढला, वयोमानाने झीज म्हणाले, पट्टा दिला. पुढच्या डॉक्टरांनी नसांची गोळी दिली, शेकायला सांगितलं. त्यापुढच्यांनी आईला विचारलं, घरात काही टेन्शन आहे का? प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, काम काय करता? विड्या वळते म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि लिहायला घेतो. त्यापुढे प्रश्नच येत नाहीत.

मला एवढंच समजतं की आईची पाठ याआधीही दुखायची. संध्याकाळी सूप बाजूला ठेवलं, आडवी झाली की थांबायची. हे थांबत नाही. रात्री जास्त दुखतं. कुशीवर वळताना ती ओरडते. आई ओरडणाऱ्यातली नाही.

कुठल्या प्रकारच्या डॉक्टरांकडे जावं? कुठली तपासणी राहिली आहे? मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, भाऊ रिक्षा चालवतो. लाखाच्या गोष्टी आम्हाला झेपणार नाहीत, पण तपासणीपुरते पैसे उभे करू.

हुतात्मा_एक्सप्रेस

ताई, सरळ पुण्याला आणा. सकाळच्या हुतात्माने निघालात तर दुपारच्या ओपीडीच्या आत पोचता. मी हडपसरला असतो, राहायची सोय करतो.

जुळेसोलापूर

पुण्याला कशाला लगेच? विजापूर, कलबुर्गी, धाराशिवचे लोक उपचाराला सोलापुरात येतात. इथे डॉक्टरांना तोटा नाही. सात रस्ता ते रेल्वे लाइन्स नुसती एक चक्कर मारा. अडचण वेगळी आहे, प्रत्येक जण आपली गोळी देऊन मोकळा होतो. आधीच्याने काय दिलं हे कुणी बघत नाही.

सिस्टर_निवृत्त

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, बरीच वर्षं छातीच्या आणि टीबीच्या वॉर्डात. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगत नाही. पण काही प्रश्न विचारते. त्यांची उत्तरं इथे लिहा आणि पुढच्या डॉक्टरांना न विचारता सांगा.

संध्याकाळी अंग कोमट होतं का? रात्री घाम येऊन कपडे ओले होतात का? वजन उतरलंय का? काट्यावर बघा, अंदाजाने नको. भूक कशी आहे? दुखणं एकाच मणक्यावर बोट ठेवून दाखवता येतं का, की पाठभर पसरलंय? घरात, शेजारात, कामावर कुणाला कधी टीबी झाला होता? मधुमेह आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पायात मुंग्या, जडपणा, चालताना अडखळणं, लघवीला त्रास, यातलं काही आहे का?

पूर्वभाग

सिस्टर, तुमचे प्रश्न समोर ठेवून आईपाशी बसले. दिवाळीपूर्वी रेशन दुकानाच्या काट्यावर गंमत म्हणून वजन केलं होतं, ४८ किलो. आज मेडिकलमध्ये ३९ भरलं. अंगावरचं लुगडं सैल झालंय हे दिसत होतं, पण आकडा बघून भाऊ आणि मी दोघं गप्प झालो. संध्याकाळी कणकण असते. आई म्हणते, ती थकव्याची. घाम येतो. बोट एकाच ठिकाणी ठेवते. पाय ठीक आहेत. मधुमेहाची तपासणी कधी केलीच नाही. माझे थोरले काका टीबीने गेले, तेव्हा आम्ही सगळे एकाच खोलीत राहत होतो.

काकांबद्दल आजवर एकाही डॉक्टरने विचारलं नाही.

गावडॉक्टर

मी अक्कलकोट तालुक्यात प्रॅक्टिस करतो. धागा वाचून अस्वस्थ झालो, म्हणून लिहितो.

आमच्याकडे पाठदुखीचे रुग्ण रोज येतात आणि त्यातले बहुतेक खरोखरच स्नायूंचे असतात. चार-सहा आठवड्यांत बरे होतात. पण वैद्यकीय शिक्षणात धोक्याच्या खुणा शिकवतात त्या याचसाठी. सहा आठवड्यांवर टिकलेलं दुखणं, विश्रांतीनेही न थांबणारं, रात्री वाढणारं, सोबत ताप, वजन घटणं, घरात टीबीचा इतिहास. यातल्या एकदोन जरी असल्या तरी पाठीवर हात ठेवून एकेक मणका हलकेच ठोकून बघायचा असतो. तुमच्या आईत जवळपास सगळ्याच आहेत. मणक्याला जंतुसंसर्ग आहे का, आणि त्यात टीबी आहे का, हे आधी तपासायला हवं. त्याचबरोबर या वयात मणक्यात पसरलेला कर्करोगही नाही ना, हे बघावं लागतं. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पुढची तपासणी टाळली जाऊ नये म्हणून सांगतो.

एक्स-रेत नुसती झीज दिसली यावर विसंबू नका. हाडाचा बराच भाग पोखरला गेल्यावरच एक्स-रेत दिसतं. सुरुवातीला एमआरआयच लागतो. सोबत सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज किंवा संसर्ग असला की वाढतात), शुगर, किडनी, लिव्हर, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे.

दोन गोष्टी मात्र करू नका. रक्तातून टीबीच्या अँटिबॉडी बघणारी तपासणी कुणी सुचवली तर पैसे घालवू नका. तसल्या तपासण्यांवर २०१२ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली आहे. आणि त्या नाव नसलेल्या पुड्या बंद करा. त्यात स्टिरॉइड असेल तर तात्पुरतं बरं वाटतं आणि आत संसर्ग वाढत राहतो. शिवाय महिनोन्महिने वेदनाशामक घेतल्याने किडनीवर ताण येतो तो वेगळाच.

मालक_बाळीवेस

आमच्या गल्लीतल्या वस्तादांकडं एकदा दावा की. तेल लावून मणका बसवून देतेत. माझ्या मेव्हण्याचं लई दिवसाचं दुखणं गेलं.

सिस्टर_निवृत्त

मालक, मेव्हण्याची चमक भरली असेल, ती गेली असेल. पण पोखरलेल्या मणक्यावर कुणी गुडघा ठेवून दाब दिला तर तो खचतो आणि मागची मज्जारज्जू दबते. वॉर्डात अशी बाई मी पाहिली आहे, मालिश करून घेतली आणि चालत गेली ती उचलून आणली. एमआरआय होईपर्यंत कुणालाही पाठीला हात लावू देऊ नका.

मालक_बाळीवेस

असं आसल तर नको. मला ठाऊक नव्हतं. अम्मांना लवकर आराम पडो.

तहसील_फेरी

पैशांचं बोलू, कारण तिथेच गाडी अडते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा फायदा मुख्यतः दाखल होऊन केलेल्या, यादीतल्या उपचारांना मिळतो. बाहेरून काढलेला एमआरआय त्यात धरत नाहीत. म्हणून आधी घाईघाईने खाजगीत स्कॅन काढून मग योजनेची चौकशी करणाऱ्यांचे पैसे परत मिळत नाहीत. ज्या रुग्णालयात दाखवणार तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. त्यांचं टेबल दारातच असतं. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही न्या, दोन्हींवर आईचं नाव एकसारखं लिहिलंय का ते आजच बघा. पूर्व भागात तेलुगू नावं कार्डावर तीन तऱ्हेने लिहिलेली असतात आणि त्यापायी लोक परत जातात. हेल्पलाइन १५५३८८.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क क खाली त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो आत्ताच काढून ठेवा, गरज पडल्यावर सेतू केंद्रात रांग लावून उपयोग नाही. बोर्डावर ‘धर्मादाय’ लिहिलेलं असतंच, पण सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि टीबी निघाला तर सीबीनॅट तपासणी (टीबीचा जंतू आणि तो औषधाला जुमानतो का हे शोधणारी), गोळ्या, सगळं सरकारकडून फुकट आहे. खाजगी डॉक्टरांकडे असलात तरी.

पूर्वभाग

सगळ्यांचे आभार. दाखल्याचा अर्ज टाकला. आईचं नाव आधारवर आणि रेशनकार्डवर खरंच वेगळं निघालं, दुरुस्तीला दिलंय.

एमआरआय झाला. अहवालात लिहिलंय की पाठीचा अकरावा आणि बारावा मणका, मधली चकती, तिघांना संसर्गाची लक्षणं, बाजूला पू साठलेला, मज्जारज्जूवर सौम्य दाब. टीबीची शक्यता जास्त, खात्री करून घ्यावी. ईएसआर ९०च्या पुढे. शुगर नॉर्मल.

आणि आता नवा पेच. एका सर्जननी सांगितलं, उद्याच दाखल करा, मणक्यात स्क्रू आणि रॉड घालू. खर्चाचा आकडा ऐकून भाऊ बाहेर जाऊन बसला. दुसरे म्हणाले, चित्र टीबीचंच आहे, आजच गोळ्या चालू करा, तपासणीसाठी मणक्याचा तुकडा काढायची (बायोप्सीची) गरज नाही. दोघंही मोठे डॉक्टर. आधी महिनोन्महिने कुणी काही शोधत नव्हतं, आता दोघंही एक दिवस थांबायला तयार नाहीत. आम्ही कुणाचं ऐकायचं?

मेहुणे हैदराबादला चला म्हणतात. आईला बोलीची सोय होईल हे खरं, पण या अवस्थेत तिला रात्रभर गाडीत बसवायची मला भीती वाटते.

बार्शीचा_ज्वारीवाला

ताई, वडिलांचं सांगतो. त्यांचाही मणका, त्यांचंही वजन उतरलेलं. एमआरआयवरून टीबी धरला आणि गोळ्या चालू केल्या. दोन-तीन महिन्यांनी दुखणं उलट वाढलं. मग बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात नेलं. तिथे तुकडा तपासला, तर मायलोमा निघाला. रक्ताचा कर्करोग, जो हाडं पोखरतो. तो वेळ परत मिळाला नाही. बाबा त्यानंतरही काही काळ नीट जगले, पण पहिल्या दिवशी तुकडा काढला असता तर, हे अजून मनातून जात नाही. चित्र तेच असलं तरी खात्री करा.

माणदेशी_गोठा

सांगोल्याहून. आमच्या चुलत्यांच्या मणक्यात ब्रुसेला (जनावरांकडून येणारा जंतू) निघाला होता. म्हशींचा गोठा, कच्चं दूध प्यायची सवय. तेही टीबीसारखंच दिसतं म्हणे, औषधं मात्र वेगळी. तुमच्याकडे जनावरं नसतील, पण या भागातल्या बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

गावडॉक्टर

वरच्या दोन्ही प्रतिसादांमुळे माझं काम सोपं झालं.

मणक्याच्या टीबीतले बरेच रुग्ण गोळ्यांनीच बरे होतात. ऑपरेशन लागतं ते पायातली ताकद जात असेल, मणका अस्थिर असेल, बाक वाढत असेल, मोठा पू मज्जारज्जूला दाबत असेल किंवा औषधांना दाद मिळत नसेल तेव्हा. तुमच्या आईच्या पायांत ताकद आहे. त्यामुळे ‘उद्याच’ म्हणण्याचं कारण त्या सर्जनना विचारा. कारण असेलही. फिल्म हातात धरून तुम्हाला दाखवायला सांगा. उत्तर पटलं नाही तर मणक्याच्या दुसऱ्या सर्जनचं मत घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

आणि तुकडा हवाच. निदान पक्कं करण्यासाठी तर हवाच, पण जंतू नेहमीच्या औषधांना जुमानतो की नाही हे कळण्यासाठीही. औषधाला न जुमानणारा टीबी असेल तर चुकीच्या गोळ्या खाऊन वर्ष वाया जातं. सीटी स्कॅनखाली सुई घालून तुकडा काढतात, बहुतेक वेळा पूर्ण भूलही लागत नाही.

सिस्टर_निवृत्त

बारीकशी पण फार मोलाची गोष्ट सांगते. तुकडा दोन वेगळ्या बाटल्यांत घ्यायला सांगा. एक फॉर्मेलिनमध्ये, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरी साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, ती सीबीनॅट आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायला). सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला की जंतू मरतात, मग कल्चर करताच येत नाही आणि पुन्हा सुई घालायची पाळी येते. माझ्या नोकरीत हे वारंवार पाहिलंय. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभ्या राहा आणि नम्रपणे विचारा. कुणी रागावलं तरी विचारा.

आधी लेव्होफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिन कुणी दिलं होतं का, तेही जुन्या चिठ्ठ्यांत शोधा. ती औषधं टीबीच्या जंतूला अर्धवट दाबतात, त्यामुळे तपासणी फसवी येऊ शकते. असेल तर डॉक्टरांना सांगा.

पूर्वभाग

एका चिठ्ठीत लेव्होफ्लॉक्सासिन सापडलं. ‘लघवीतला संसर्ग असेल’ म्हणून दिलेलं.

मणक्याच्या तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते तरुण आहेत. त्यांनी आईला पालथं झोपवून एकेक मणका तपासला, दोन्ही पायांची ताकद बघितली, तळव्याला किल्ली ओढून बघितली. तेलुगूत विचारलं, “एक्कड नोप्पी?” म्हणजे कुठे दुखतंय. आई रडली. दुखण्याने नव्हे. ते म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, तुकडा घेऊ, पाय रोज बघत राहा. बाटल्यांचं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुम्ही नर्सिंगमध्ये आहात का? सिस्टर, हे तुमच्यामुळे.

सीबीनॅट पॉझिटिव्ह आला. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जुमानणारा टीबी आहे. कल्चर यायला सहा आठवडे लागू शकतात. गोळ्या सुरू झाल्या.

हुतात्मा_एक्सप्रेस

वाईट बातमीने कधी एवढा सुटकेचा श्वास सोडला नव्हता. काळजी घ्या ताई.

पूर्वभाग

गोळ्या चालू होऊन थोडे दिवस झाले आणि नवीनच त्रास. विडी कारखान्यात कुणी तरी सांगितलं की आईला टीबी आहे. आता म्हणतात, तुमच्या घरातल्या विड्या आणू नका. माझी वहिनीही वळते, तिचीही घेईनात. शेजारची बाई पाण्याच्या नळावर आमची घागर बाजूला सरकवते. आई म्हणते, मला कुठे तरी वेगळं ठेवा.

सिस्टर_निवृत्त

आईंना वेगळं ठेवायचं नाही. मणक्याचा टीबी श्वासातून पसरत नाही. पसरतो तो फुप्फुसाचा, तोही खोकल्यातून. त्यांचा छातीचा एक्स-रे आणि थुंकी स्वच्छ असेल तर भांडी, पाणी, कपडे, विड्या, कशातूनही काही होत नाही. क्षयरोग केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तसं लेखी घ्या आणि कारखान्यात दाखवा. तुमच्या भागातल्या आशाताईंना सोबत न्या, त्यांच्या शब्दाला वजन असतं. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करून घ्या, लहान मुलं असतील तर आधी त्यांची. आईंपासून धोका आहे म्हणून नव्हे, काकांच्या वेळचा जंतू कुणात दबून असेल म्हणून.

तहसील_फेरी

निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली का विचारा. २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक आहे, खाजगी डॉक्टरांनाही. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये आईच्या खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. खातं आईच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. अडलं तर १८००-११-६६६६ वर बोला.

पूर्वभाग

लेखी घेतलं. आशाताई आणि मी कारखान्यात गेलो. मुकादम आधी ऐकेनात, मग वळणाऱ्या बायकाच उठून बोलल्या. त्यातल्या एकीच्या मुलाला गाठीचा टीबी होऊन गेलेला. वहिनीच्या विड्या घ्यायला लागले. आईचं काम डॉक्टरांनीच बंद ठेवलंय, वाकून बसायचं नाही.

हे मला इथे ठळक लिहायचंय, कारण माझा राग अजून गेलेला नाही. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. त्यांच्या पाठी दुखतातच, खोकला असतोच, तंबाखूची धूळ नाकातोंडात असतेच. म्हणून तर त्यांच्या दुखण्याकडे जास्त बारकाईने बघायला हवं. इथे उलट होतं. काम विचारलं की दुखण्याचं उत्तर मिळालं असं धरतात. विडीमुळे पाठ दुखत असेल, पण विडीमुळे संध्याकाळी ताप येत नाही आणि नऊ किलो वजन उतरत नाही. आईला तपासणारे सगळे शिकलेले होते. एकानेही तिला काट्यावर उभं केलं नाही. काटा प्रत्येकाच्या दवाखान्यात होता.

गावडॉक्टर

मान्य. आमच्या दवाखान्यातला काटा मी दाराजवळ आणून ठेवला आहे. आता पाठदुखी किंवा खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाचं वजन चिठ्ठीवर लिहितो.

जुळेसोलापूर

गोळ्या किती वेळ घ्यायच्या असतात? माझ्या ओळखीत सहा महिन्यांत थांबवल्या.

गावडॉक्टर

फुप्फुसाला साधारण सहा महिने. मणक्याला आपल्याकडे किमान बारा, काहींना अठरापर्यंत. पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन. सगळी एकाच गोळीत असतात आणि गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला रोज तीन. वजन वाढून गट बदलला तर गोळ्याही वाढतात, म्हणून दर भेटीत वजन व्हायलाच हवं. दुखणं पहिल्या काही महिन्यांत कमी होतं आणि तिथेच लोक सोडतात. सोडायचं नाही.

पूर्वभाग

आईची लघवी लालसर-केशरी झाली, ती घाबरून रात्रभर जागी होती. सकाळी उलटीही झाली. गोळ्या बंद कराव्यात का?

सिस्टर_निवृत्त

लाल रंग रिफाम्पिसिनचा, तो अपेक्षित आहे. घाम, डोळ्यांतलं पाणीही तसं होतं. नुसती मळमळ असेल तर गोळ्यांची वेळ बदलून बघतात, पण ते डॉक्टरांना विचारून. उलट्या थांबत नसतील, डोळे पिवळे दिसले, जेवणच नकोसं झालं, तर त्याच दिवशी दाखवा आणि लिव्हरची तपासणी करा. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तरी तेच. हातापायात मुंग्या येऊ नयेत म्हणून बी सहा जीवनसत्त्वाची गोळी सोबत देतात, ती चालू आहे ना बघा.

खायला शेंगदाणे, अंडी, डाळ, दूध. महागडे प्रोटीनचे डबे घेऊ नका. कडक भाकरी चावत नसेल तर दुधात कुस्करून, वर आपली शेंगाचटणी.

पूर्वभाग

लिव्हर ठीक निघालं. रात्री जेवणानंतर बऱ्याच वेळाने गोळ्या घ्यायला सांगितलं, उलटी थांबली. कल्चरही तेच सांगतंय, सगळ्या मुख्य औषधांना जंतू जुमानतो.

पावसाळा लागलाय. आईचं वजन ४४. पट्टा लावून दारापर्यंत आणि आता बोळाच्या तोंडापर्यंत चालते. कुशीवर वळताना ओरडत नाही. दुसरा एमआरआय फारसा बदललेला दिसत नाही म्हणून मी हबकले होते. डॉक्टर म्हणाले, चित्र सुधारायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, आपण आईंकडे बघायचं.

एका वहीत मी सगळं चिकटवलंय. तारीखवार चिठ्ठ्या, अहवाल, वजन, ताप. पहिल्या पानावर काकांचा टीबी, लेव्होफ्लॉक्सासिनची तारीख, आईची औषधं. कुठल्याही डॉक्टरांपुढे आधी तेच पान उघडते. ज्यांना गरज आहे त्यांना त्या पानाचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन.

अक्कलकोटवरून

नमस्कार, नवीन सदस्य आहे. धागा आत्ताच सापडला. माझे दीर माग चालवतात. उन्हाळ्यापासून पाठ दुखायलीय. वजन बरंच उतरलंय. कालपासून उजवा पाय घासत चालायलेत, आज सकाळपासून लघवी तुंबल्यागत होतेय. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. ताई, वहीचा नमुना पाठवाल का?

सिस्टर_निवृत्त

सोमवारची वाट बघू नका. पाय घासणं आणि लघवी तुंबणं म्हणजे मज्जारज्जू दबत आहे. आत्ता, आजच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, जिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत. मोटारसायकलवर किंवा बसवून नेऊ नका. सपाट आडवं झोपवून, अंग न पिळता, १०८ बोलवा. दारात पहिलं वाक्य हेच सांगा, पाय लुळा पडतोय आणि लघवी बंद होतेय. पाठ दुखते असं म्हणून सुरुवात करू नका, रांगेत बसवतील.

पूर्वभाग

व्यनि केलाय, त्यात माझा नंबर आहे. वहीचं नंतर बघू. आधारकार्ड, रेशनकार्ड आणि जुने एक्स-रे एका पिशवीत घाला. भाऊ रिक्षा घेऊन अपघात विभागाच्या दारात थांबेल, मी येते. निघालात की कळवा.

अक्कलकोटवरून

१०८ आली. झोपवून घेतलंय. निघालो.